वॉशिंग्टन : मुळात गाव कुणाचं आणि आडनाव कुणाचं?

मावळी_पाऊस (धागाकर्ता)
गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१२

आज बाबांना घेऊन गहुंजेला टेस्टचा पहिला दिवस बघायला गेलो होतो. वॉशिंग्टन सुंदरने ५९ रन्समध्ये ७ काढल्या, न्यूझीलंड २५९ ला आटोपली, आणि हा पोरगा तर बंगळूरच्या मॅचनंतर टीममध्ये बोलावलेला. बाबा जाम खूश. पण बाबा म्हणजे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, आमच्या स्टँडमधली पोरं 'वॉशी, वॉशी' ओरडतायत आणि ह्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, अरे हे वॉशिंग्टन मुळात काय आहे, माणसाचं नाव, आडनाव का गाव?

मी म्हटलं अमेरिकेचे पहिले अध्यक्ष. ते म्हणाले, ते सातवीतली पोरं पण सांगतात रे, पण जॉर्जकडे ते कुठून आलं?

सुंदरचं सोपं आहे, पेपरात बऱ्याचदा येऊन गेलंय. त्याचे वडील चेन्नईत गरिबीत क्रिकेट खेळायचे तेव्हा शेजारी वॉशिंग्टन नावाचे एक निवृत्त लष्करी गृहस्थ राहायचे, त्यांनी शाळेची फी भरली, पुस्तकं घेऊन दिली, सायकलवर बसवून ग्राउंडवर नेलं. ते १९९९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव वॉशिंग्टन. म्हणजे अमेरिकेचा इथे काही संबंध नाही, आहे ती एका शेजाऱ्याची आठवण. मला ते फार आवडलं.

घरी आल्यावर शोधलं तर कळलं की इंग्लंडमध्ये वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, उत्तरेला, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात, आणि जॉर्जचं घराणं तिथलं. पण म्हणजे त्या गावाला तरी हे नाव का? इथे भाषेतले आणि तिकडे राहणारे बरेच लोक आहेत म्हणून धागा काढतोय. बाबा उद्या सकाळी चहाला विचारणार आहेत तेव्हा जरा लवकर लिहा.


दगडफूल
२४ ऑक्टोबर, रात्री १०:३१

वॉशिंग म्हणजे धुणं आणि टन म्हणजे टाउन, एवढं सरळ नाही का? नदीकाठचं गाव असणार, लोकर धुवायला मेंढ्या आणत असतील. इंग्लंडमध्ये लोकरीचा धंदा जुना आहे.


शब्दवेडा_सांगली
२४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

दगडफूल, ऐकायला पटतं पण तसं नाहीये, आणि का नाही ते सांगतो कारण आपल्या गावांच्या बाबतीतही आपण हीच चूक करतो. आजचा उच्चार घ्यायचा, आज जो अर्थ सुचेल तो चिकटवायचा आणि मग त्याला साजेशी गोष्ट रचायची. गावाच्या नावाचा अर्थ आजच्या रूपात शोधायचाच नाही, सापडेल तेवढं जुनं रूप आधी शोधायचं. पुण्याचं नाही का, आज 'पुणे' हा शब्द कितीही घासला तरी काही हाती लागत नाही, पण राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटांत 'पुण्यविषय', 'पूनकविषय' (विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत) असं येतं आणि तिथून पुढे बोलता येतं.

तर डरहॅमकडच्या ह्या वॉशिंग्टनची सगळ्यात जुनी नोंद ११८३ ची आहे आणि तिथे ते लिहिलंय 'वास्सिंग्टोना'. श नाहीच, जोडाक्षरी स्स आहे. पुढे कधी वेसिंग्टन, वेस्सिंग्टन असंही येतं. तो श नंतर जिभेवर तयार झाला. त्यामुळे धुण्याचा संबंध संपला.

आता तुकडे पाडू. मधलं 'इंग' हे जुन्या इंग्रजीत गावांच्या नावांत भरपूर येतं आणि त्याचा आजच्या क्रियापदाच्या इंगशी काही संबंध नाही. अमक्याशी जोडलेलं, अमक्याचं, असा त्याचा भाव. आणि शेवटचं 'टन' म्हणजे जुनं 'टून'. हा शब्द मला फार प्रिय आहे. टूनचा मूळ अर्थ टाउन नाही, कुंपण! जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'त्साउन' आजही कुंपणालाच म्हणतात, डचमध्ये तोच शब्द बागेला आहे. कुंपण, मग कुंपणाच्या आतली जागा, मग तिथलं घर आणि शेत, मग वस्ती, आणि सगळ्यात शेवटी टाउन. आपली वाडी बघा, संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यातून वाटिका, वाडा, वाडी. कुठे डरहॅम आणि कुठे आपली वाडी, पण माणसाने दोन्हीकडे जनावरं आत यायला नकोत म्हणून काट्या रोवल्या आणि त्या काट्यांवरूनच गावाला नाव पडलं.

राहिला पहिला तुकडा. तो माणूस आहे. ह्वॅस्सा. म्हणजे ह्वॅस्साची वाडी. हा ह्वॅस्सा कोण हे कुठल्याही कागदात नाही, त्याचं नावसुद्धा स्वतंत्रपणे कुठे लिहिलेलं सापडत नाही. असं फक्त गावाच्या नावातून परत उभं केलेलं नाव असलं की कोशात त्याच्या डोक्यावर एक छोटा तारा छापतात. मला तो तारा बघितला की दरवेळी गलबलून येतं. एक शेतकरी, हजारभर वर्षांपूर्वीचा, बाकी सगळं गेलं आणि नाव मात्र कुठल्या कुठे जाऊन पोचलं.


निशा_वेअरकाठ
२५ ऑक्टोबर, पहाटे ४:२० (इथे अजून रात्रच आहे)

अय्या, आमच्या गावचा धागा! मी वेअर नदीच्या अल्याडपल्याडच राहते बारा वर्षं झाली, सुंडरलंडला. वॉशिंग्टन इथून गाडीने पंधरावीस मिनिटं. प्रशासकीयदृष्ट्या ते १९७४ पासून सुंडरलंडमध्येच येतं.

कुणाच्या डोळ्यांपुढे राजधानीसारखं काही येत असेल तर सांगते, हा कोळशाच्या खाणींचा मुलूख होता. खाणी बंद झाल्या, एफ पिट नावाच्या खाणीचं वाइंडिंग इंजिनचं घर आता म्युझियम म्हणून ठेवलंय. १९६४ मध्ये सरकारने न्यू टाउन म्हणून जाहीर केलं, मग घरांच्या वसाहती झाल्या, शेजारी १९८६ मध्ये निसानचा कारखाना सुरू झाला. माझ्यासोबत काम करणाऱ्या बायका वॉशिंग्टनच्या आहेत, त्या 'मी वॉशिंग्टनची' म्हणाल्या की नवीन माणूस दरवेळी दचकतो.

जुनं गाव मात्र वेगळं, टेकाडावर चर्च, त्याच्या पायथ्याशी वॉशिंग्टन ओल्ड हॉल नावाचा दगडी वाडा. आज दिसतो तो बराचसा सतराव्या शतकातला, पण त्यात आधीच्या वाड्याचे भाग आहेत आणि तो आधीचा वाडा ह्या घराण्याचा. शब्दवेडांनी ११८३ ची नोंद म्हटली ना, ती डरहॅमच्या बिशपने करून घेतलेल्या बोल्डन बुक नावाच्या पाहणीतली. बिशपच्या मालकीची गावं, कोण किती सारा देतो, कुणावर काय वेठ, हे सगळं त्यात आहे. आणि त्यात अशी नोंद आहे की हार्टबर्नचा विल्यम ह्याच्याकडे हे गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून, त्याने आपलं हार्टबर्न गाव बिशपला देऊन त्याच्या बदल्यात हे घेतलंय, वर्षाला ४ पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड घेऊन जायचं.

म्हणजे हा माणूस मुळात वॉशिंग्टन नव्हताच. स्टॉकटनजवळच्या हार्टबर्नचा होता, हार्टबर्न म्हणजे हरणांचा ओढा. गाव बदललं तसं नाव बदललं, त्याची पोरं 'डी वेस्सिंग्टन' झाली. जमिनीची एक अदलाबदल, तेवढ्यावरून.


तांबडीमाती
२५ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

एक शंका. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्येही वॉशिंग्टन आहे आणि त्याची नोंद दहाव्या शतकातली आहे, म्हणजे तुमच्या ११८३ च्या दोनशे वर्षं आधीची. १०८६ च्या डूम्सडे बुकातही (राजाने करून घेतलेली जमिनींची पाहणी) ते आहे, तुमचं डरहॅमवालं नाही. मग मूळ गाव ससेक्सचं आणि डरहॅमचं त्यावरून पडलेलं, असं का नाही?


शब्दवेडा_सांगली
२५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

चांगली शंका आहे. डरहॅम डूम्सडेमध्ये नाही कारण डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड ह्या मुलखांची ती पाहणी झालीच नाही. त्यामुळे तिथल्या असंख्य गावांच्या नोंदी शंभर वर्षं उशिरा सुरू होतात. नोंद उशिराची म्हणजे गाव उशिराचं असं नाही, कारकून तिथे उशिरा पोचला एवढंच.

शिवाय दोन्ही नावं आज हुबेहूब सारखी दिसत असली तरी घडण थोडी वेगळी मानतात. ससेक्सचं जुनं रूप 'वेस्सिंगाटून', त्यात 'इंगा' आहे, म्हणजे वास्सा नावाच्या माणसाच्या लोकांची, त्याच्या गोतावळ्याची वस्ती. डरहॅमचं एका माणसाशी जोडलेलं. दोन वेगळे बाप, दोन वेगळ्या वाड्या. आपल्याकडे पिंपळगावं किती आहेत, सगळी एकमेकांवरून नाही पडली ना!

आणि उलटंही होतं. डर्बीशायरमध्ये वेसिंग्टन म्हणून गाव आहे, वाटेल की हा तिसरा भाऊ. पण डूम्सडेमध्ये ते 'विस्टानेस्टुने' आहे, म्हणजे विग्स्टान नावाच्या माणसाची वाडी. जुनं रूप हातात नसतं तर आपण डोळे झाकून त्याला ह्या घरात घेतलं असतं. म्हणूनच तिकडे १९२३ पासून गावांच्या नावांसाठी एक सोसायटी आहे, ती परगण्यापरगण्याचे खंड काढते, शेतांची आणि गल्ल्यांचीसुद्धा नावं त्यात असतात, आणि शंभर वर्षं झाली तरी काम चालू आहे. आपल्या एकेका तालुक्याचं असं कुणीतरी करायला हवं हो, मनापासून वाटतं.


प्राजक्ता_जर्सीसिटी
२५ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

मी अमेरिकेच्या टोकाकडून लिहिते. विल्यमपासून जॉर्जपर्यंत मधे साडेपाचशे वर्षं आहेत. डरहॅमच्या घराण्याची एक पाती पश्चिमेला गेली, पुढे लँकेशायरमध्ये वॉर्टन नावाच्या गावी स्थिरावली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन खाली नॉर्थॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसा केला (बघा दगडफूल, लोकर आली शेवटी!), शहराचा मेयर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून जमिनी विकायला काढल्या तेव्हा १५३९ मध्ये सल्ग्रेव्ह गावची जमीन विकत घेतली. त्याच्या वंशातले एक लॉरेन्स पाद्री होते, १६४३ मध्ये यादवी युद्धात प्युरिटन लोकांनी त्यांना दारूच्या गुत्त्यात बसतात असा आरोप ठेवून पदावरून काढलं. घर मोडलं, आणि त्यांचा मुलगा जॉन १६५६-५७ च्या सुमारास तंबाखूच्या व्यापाराच्या जहाजावर नोकरीला म्हणून व्हर्जिनियात आला, जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि हा तिथेच राहिला. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा.

जॉर्ज आयुष्यात कधी इंग्लंडला गेला नाही, देशाबाहेर फक्त एकदा, १७५१ मध्ये बार्बाडोसला. तो अध्यक्ष असताना लंडनहून घराण्यांच्या ढाली आणि वंशावळी बघणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पत्र लिहून विचारलं की तुमचं मूळ कुठलं. १७९२ मध्ये त्याने उत्तर दिलं की ह्या विषयाकडे मी खरं तर फार लक्ष दिलेलं नाही, पण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय की आपला पहिला पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडून आला, लँकेशायर, यॉर्कशायर की त्याच्याही वरचा परगणा ते नीट आठवत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. 'आपण मूळचे घाटावरचे, कुठल्या गावचे ते सासऱ्यांना माहीत होतं.' तेवढंच. पण बघा ना, समुद्र ओलांडून १३५ वर्षं झाली होती, सल्ग्रेव्ह दक्षिणेकडे, पणजोबा दक्षिणेकडून आलेला, आणि तरी घरात 'उत्तरेचे' एवढं टिकून राहिलं होतं. आणि ते बरोबर निघालं.

अजून एक. घराण्याची ढाल होती, पांढऱ्यावर दोन लाल आडवे पट्टे आणि वर तीन लाल चांदण्या. यॉर्कशायरमधल्या सेल्बीच्या चर्चमध्ये ती चौदाव्या शतकातल्या रंगीत काचेत आहे. वॉशिंग्टन डीसीचा झेंडा बघा, १९३८ मध्ये ठरवलेला, तो म्हणजे जशीच्या तशी तीच ढाल.

शहराला हे नाव १७९१ मध्ये दिलं, जॉर्ज अध्यक्ष असतानाच. आणि पश्चिम किनाऱ्यावरचं वॉशिंग्टन राज्य? १८५३ मध्ये तिथल्या लोकांनी कोलंबिया नाव मागितलं होतं, पण डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी गोंधळ होईल म्हणून वॉशिंग्टन दिलं. तेव्हापासून आमच्याकडे दोन्हीतलं कुठलं ते सांगावं लागतं.


मावळी_पाऊस
२५ ऑक्टोबर, दुपारी १:२५

सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळी चहाला बाबांना सगळं वाचून दाखवलं, दोन कप झाले. त्यांनी एक मुद्दा काढला तो लिहितो. ते म्हणाले, आपल्याकडे माणूस गाव सोडतो तेव्हा त्याला गावाचं आडनाव चिकटतं. वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला कुणी वेंगुर्लेकर म्हणत नाही, तिथे सगळेच वेंगुर्ल्याचे. तो मुंबईला आला की वेंगुर्लेकर. गोव्यातल्या मंगेशीहून बाहेर पडून नाटकात आलेल्या दीनानाथांनी मंगेशकर लावलं आणि मग ते गाव सगळ्या जगाच्या कानावर गेलं. पण विल्यम तर उलट गावात आला आणि तिथलं नाव घेतलं. हे कसं?


शब्दवेडा_सांगली
२५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

काकांना नमस्कार सांगा, नेमका प्रश्न विचारलाय. इंग्लंडमध्ये गावावरून आलेली आडनावं दोन वाटांनी आली. एक वतनदाराची वाट. नॉर्मन लोक आल्यावर सरदारांनी आपली जहागीर दाखवायला 'डी अमुक' लावायला सुरुवात केली, विल्यम त्यातला, त्याच्यासाठी ते नाव म्हणजे जमिनीचा हक्क. दुसरी वाट साध्या माणसाची, ती आपल्या 'कर'सारखीच, लिंकनहून माणूस दुसरीकडे गेला की तिथले त्याला लिंकनचा म्हणणार. ती आडनावं पिढ्यान् पिढ्या टिकणारी व्हायला तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत वेळ लागला. न्यूटन म्हणजे नवी वाडी, इंग्लंडभर इतकी न्यूटन गावं आहेत की दोन न्यूटन आडनावाची माणसं भेटली तर नातं असेलच असं अजिबात नाही.

लिंकन निघालंच आहे तर, त्यात दोन भाषा आहेत. 'लिन' हा ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेतला तळं ह्या अर्थाचा शब्द आणि 'कन' म्हणजे रोमन लोकांचं कोलोनिया, निवृत्त सैनिकांची वसाहत. तळ्याकाठची वसाहत.


जालन्याची_मोसंबी
२५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

थोडं अवांतर होईल पण आमच्या जिल्ह्याचा संबंध आहे म्हणून लिहिते. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध लढलेला ऑर्थर वेलस्ली. तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचं आडनाव बघा. आजोबा मुळात कॉली. १७२८ मध्ये नात्यातल्या एका वेस्लींची इस्टेट मिळाली म्हणून वेस्ली झाले. ऑर्थर हिंदुस्थानात उतरला तेव्हा वेस्लीच होता, १७९८ मध्ये घराण्याने जुनं लांब रूप परत घेतलं आणि तो इथे असतानाच वेलस्ली झाला. हे नाव सॉमरसेटमधल्या वेल्स शहराजवळच्या जागेचं. मग १८०९ मध्ये सरदारकी द्यायची ठरली, तो स्वतः तिकडे स्पेन-पोर्तुगालच्या लढाईत, तर लंडनमधल्या भावाने नकाशात वेलस्लीच्या जवळ जाणारं नाव शोधलं आणि सॉमरसेटमधलंच वेलिंग्टन निवडलं. तोपर्यंत त्या गावाशी त्याचा काही संबंध नव्हता. न्यूझीलंडची राजधानी त्याच्या नावावरून आहे, म्हणजे कालच्या मॅचमध्ये वॉशिंग्टन इकडे आणि वेलिंग्टन तिकडे.


रानवाटा
२५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा सुंदर चाललाय पण एक सगळ्यात मोठी गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आज वॉशिंग्टन हे आडनाव लावणारी माणसं कोण आहेत? अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत १,६३,०३६ माणसांचं आडनाव वॉशिंग्टन होतं आणि त्यातली ९० टक्के काळी होती. हॉलिवूडचा नट डेन्झेल वॉशिंग्टन आठवा. जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. त्याच्या माउंट व्हर्ननच्या शेतावर तो वारला तेव्हा तीनशेहून जास्त माणसं गुलाम होती. त्याने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करायचं लिहिलं, पण जवळजवळ निम्मे बायकोच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे होते, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. लोकांना वाटतं की सगळे काळे वॉशिंग्टन म्हणजे त्याच्या गुलामांचे वंशज. तसं नाही, एवढे असणं शक्यच नाही. बहुतेकांनी हे नाव निवडून घेतलं.

काळ्यांच्या शिक्षणासाठी झटलेले बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः लिहून गेलेत. १८५६ च्या सुमाराचा जन्म, व्हर्जिनियात, गुलाम आईच्या पोटी. नाव एकच, बुकर. स्वातंत्र्य मिळाल्यावर मिठाच्या भट्टीवर काम करत करत शाळेत गेले. पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली आणि ह्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक पोराला दोन तरी नावं आहेत, काहींना तर तीन. आपल्याला एकच. आपली पाळी येईपर्यंत काहीतरी सुचायला हवं. मास्तरांनी विचारलं तेव्हा शांतपणे सांगितलं, 'बुकर वॉशिंग्टन', जणू जन्मापासून तेच नाव आहे. पुढे कळलं की आईने लहानपणी 'टॅलियाफेरो' असंही नाव ठेवलं होतं, उच्चार टॉलिव्हर, मग ते मधे घातलं. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. म्हणजे पोराच्या जिभेवर राष्ट्राध्यक्ष आला की घरातला बाप, की दोन्ही, कोण सांगणार.

ते अजून एक लिहितात ते मला कधी विसरता येत नाही. गुलाम असताना माणसाला म्हणायचे 'हॅचरचा जॉन'. आपण म्हणतो ना, पाटलाचा गडी. स्वातंत्र्य आल्यावर लोकांना दोन गोष्टी कराव्याशा वाटल्या, नाव बदलायचं आणि निदान काही दिवस तरी तो मळा सोडून जायचं. मग हॅचरचा जॉन झाला 'जॉन एस. लिंकन' किंवा 'जॉन एस. शर्मन'. आणि त्या 'एस'चा काही अर्थ नसे, कशाचंही आद्याक्षर नाही, पण मधे एक अक्षर असणं हा आपला हक्क आहे असं त्यांना अभिमानाने वाटायचं.

शब्दवेडा, तुम्ही त्या ताऱ्याबद्दल लिहिलंत ना, मला हा 'एस' वाचल्यावर तसंच होतं.

आपल्या जोतिरावांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचं कटगुण, पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले. गावाने दिलेलं, धंद्याने दिलेलं, मालकाने दिलेलं, सगळ्या प्रकारची आडनावं जगात आहेत. पण बाकावर बसून आपली पाळी यायच्या आत एका पोराने स्वतःला दिलेलं आडनाव, त्याच्यापुढे मला विल्यमची जहागीर लहान वाटते.


दगडफूल
२५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

रानवाटा, हा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. आठवीत आहे. तिने विचारलं की त्या एसचं पुढे काही केलं का त्यांनी. मला सांगता आलं नाही.


निशा_वेअरकाठ
२६ ऑक्टोबर, रात्री १२:४०

आज सुट्टी होती तर मुद्दाम डरहॅमच्या कॅथेड्रलला जाऊन आले, ह्या धाग्यामुळे. तिथल्या ओवऱ्यांमध्ये एक पाटी आहे, आधी कितीदा तिच्यासमोरून गेले असेन. वॉशिंग्टन घराण्यातला जॉन १४१६ ते १४४६ तिथला प्रायर होता, मठाचा प्रमुख. ओवऱ्या त्याच्या काळात झाल्या. पाटीवर लिहिलंय की त्याच्या घराण्याने त्याला माहीत नसलेल्या मुलखात कायमचं नाव मिळवलं. रानवाटांचं वाचून गेले होते, त्यामुळे मी वेगळंच वाचत होते.

ओल्ड हॉलबद्दल राहिलं सांगायचं. घराणं पंधराव्या शतकापर्यंतच तिथे नांदलं, मग वाडा दुसऱ्यांकडे गेला. पुढे पुढे त्यात खोल्या पाडून भाडेकरू ठेवले, गरीब खाणकामगारांची कुटुंबं. १९३६ मध्ये राहायला अयोग्य म्हणून जाहीर झाला, पाडणारच होते. तेव्हा गावातल्या एका शाळामास्तरांनी कमिटी केली, पैसे जमवले, दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, शेवटी १९५५ मध्ये अमेरिकेच्या राजदूतांच्या हस्ते उघडला. आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेकडे आहे. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर इथे आले होते, झाड लावून गेले. दरवर्षी ४ जुलैला तिथे अमेरिकेचा झेंडा चढतो आणि शाळेतली मुलं येतात. वरच्या मजल्यावर भाडेकरूंची एक खोली तेव्हासारखी मांडून ठेवलीय, मला सगळ्यात ती आवडते.


मावळी_पाऊस
२६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

मॅच आज गेली, ११३ रन्सनी हरलो. बाबांना त्याचं आधी वाईट वाटलं आणि मग शाळामास्तरांनी वाडा वाचवला हे ऐकून एकदम बरं वाटलं, मास्तर ना स्वतः.

पण आता त्यांनी नवीनच काढलंय. आमचंही आडनाव 'कर'वालंच आहे. इथे लिहीत नाही, पण गाव मावळातलं, धरणात गेलं, बाबा तेव्हा लहान होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचं जोतं दिसतं. गावाच्या नावाचा अर्थ काय म्हणून विचारलं की प्रत्येक म्हातारा वेगळी गोष्ट सांगतो, एकात पांडव असतात आणि एकात महाराज. बाबा म्हणतायत, शब्दवेडांना विचार, आपलं जुनं रूप कुठे सापडेल.


शब्दवेडा_सांगली
२६ ऑक्टोबर, रात्री ९:००

काका, पुण्यातच सापडेल. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, मोडीतले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मावळातल्या गावांचे हिशेब, ताळेबंद, वतनाचे निवाडे त्यात असतात. तरफ कुठली होती ते आधी नक्की करा, म्हणजे पवन मावळ का नाणे मावळ का आणखी कुठलं, कारण रुमाल तसे लावलेले असतात. त्याआधी जुनी इंग्रजी गॅझेटियर आणि सर्व्हेचे नकाशे बघा, त्यात निदान शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा उच्चार कळेल. गाव पाण्याखाली गेलं असलं तरी कागद कोरडे आहेत. मोडी वाचणारं कुणी शोधावं लागेल मात्र.


मावळी_पाऊस
२६ ऑक्टोबर, रात्री ९:२२

बाबा म्हणतायत मोडी त्यांना येते, आजोबांकडून शिकलेत, फक्त चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा. उद्या रविवार. सोमवारी आधी चष्मेवाल्याकडे आणि मग पुराभिलेखागारात.